प्रकाशाच्या पुढे कोण पळणार?

प्रश्न : सर, मुलगा म्हणतो टॅकिऑन नावाचे कण प्रकाशापेक्षा फास्ट जातात. खरंय का हे?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : कागदावर हो, पण अजून कोणाला सापडलेले नाहीत. 1962 मध्ये बिलानियुक, देशपांडे (हो, देशपांडेच!) आणि सुदर्शन या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडलं की आइन्स्टाइनचा नियम अडवतो तो हळू वस्तूला प्रकाशाचा वेग गाठण्यापासून, जन्मापासूनच पलीकडे असलेल्या कणाला नाही. टॅकिऑन हे नाव नंतर 1967 मध्ये फाइनबर्गनी दिलं.

अडवतो म्हणजे किती, ते तुमच्याच गावात बघा ना, कॅटमधल्या (आताचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) इंडस-2 या कणांना वेग देणाऱ्या यंत्रात 2.5 जीईव्ही ऊर्जा दिलेला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या मागे असतो सेकंदाला फक्त 6 मीटरनी, आणि कितीही ऊर्जा ओतली तरी मागेच राहणार बिचारा.

2011 मध्ये इटलीत न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद आधी पोचले म्हणून केवढा गाजावाजा झाला, निघाली काय तर केबल नीट न बसलेली.

पाण्यात मात्र प्रकाश सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो, तिथे इलेक्ट्रॉन त्याला आरामात मागे टाकतो आणि निळा उजेड पडतो, चेरेन्कॉव्ह या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा. मुलाला हे सांगा, टॅकिऑनपेक्षा भारी आहे.