पोपचं पदक आणि ऑबर्नमधली कबर

प्रश्न : मुलाकडे सिरॅक्यूजला सहा महिने राहून आलो. जवळच ऑबर्न म्हणून गाव आहे, तिथल्या फोर्ट हिल दफनभूमीत गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमनची कबर बघायला त्याने नेलं होतं. फिरता फिरता एक संगमरवरी क्रॉस दिसला, कोणा केओघ नावाच्या सैन्यातल्या माणसाचा. मुलगा म्हणाला हा मूळचा आयर्लंडचा, पोपने पदक दिलेला, मेला पार मोंटानात. मग कबर ऑबर्नला कशी? आमचे हे म्हणतात भाडोत्री असणार, पैसे मिळतील तिकडे लढणारा. यावरून परतीच्या विमानात सुद्धा आमचं वाजलं. आणि त्याचा घोडा म्हणे पेंढा भरून ठेवलाय, खरं का?
– एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : ताई, आधी नाव सुधारून घ्या, स्पेलिंगमध्ये शेवटी जीएच असला तरी उच्चार कीओ. माइल्स कीओ. जन्म 1840, काउंटी कार्लोमधलं लॉक्लिनब्रिज गाव, म्हणजे आयर्लंडात मोठा दुष्काळ पडला तेव्हा हा पाच-सहा वर्षांचा पोरगा. 1860 मध्ये इटलीत पोपचं राज्य धोक्यात आलं, पोपने कॅथलिक तरुणांना हाक दिली आणि हजाराच्या वर आयरिश पोरं बोटीत बसून गेली, त्यात हा विशीतला. अँकोनाच्या वेढ्यात लढला, हरले, कैद झाला, सुटला, आणि पोपकडून पदकं मिळाली. मुलगा म्हणाला ते हेच.

मग 1862 ला अमेरिका. तिकडे यादवी युद्ध पेटलेलं, उत्तरेकडच्यांना अनुभवी अधिकारी हवेच होते, हा आला आणि घोडदळात लागला, गेटिसबर्गच्या लढाईत जनरल ब्युफर्डच्या स्टाफवर होता, 1864 मध्ये परत एकदा कैद, पुन्हा सुटका. युद्ध संपेपर्यंत ब्रेव्हेट लेफ्टनंट कर्नल, ब्रेव्हेट म्हणजे मानाचा हुद्दा, पगार वाढेलच असं नाही (ह्यांना हे जरूर सांगा). पुढे सातव्या घोडदळात कॅप्टन, आणि 25 जून 1876 ला मोंटानातल्या लिटल बिगहॉर्नला, लाकोटा आणि शायेन या तिथल्या मूळ रहिवाशांशी लढताना, आपला सेनाधिकारी कस्टर याच्याबरोबर गेला. कस्टरच्या हाताखालच्या तुकडीतले दोनशेच्या वर लोक पडले, एकही वाचला नाही. कीओच्या प्रेताची मात्र विटंबना झाली नव्हती आणि गळ्यातलं धार्मिक पदक तसंच होतं, असं नंतर तिथे पोचलेल्यांनी सांगितलंय. का ते कोणी काहीही सांगो, मला त्यातल्या गूढकथा पटत नाहीत.

आता ऑबर्न. युद्धात त्याचा जिगरी दोस्त होता अँड्र्यू अलेक्झांडर, त्याची सासुरवाडी म्हणजे ऑबर्नचं मार्टिन कुटुंब. कीओ सुट्टीला तिथे जायचा, घरचाच होऊन गेला, स्वतःचं घर अमेरिकेत असं नव्हतंच. मी पडलो तर मला ऑबर्नला न्या, हे त्याने आधीच सांगून ठेवलेलं. म्हणून 1877 च्या ऑक्टोबरमध्ये मोंटानातून त्याचे अवशेष आणून मार्टिनांच्या जागेत पुरले. क्रॉसवर नाव-हुद्द्याबरोबर एका कवितेच्या चार ओळी आहेत, शूर असतात तेच मनाने सगळ्यात हळवे अशा अर्थाच्या. सरकारी स्मारकावर असलं कोणी लिहीत नाही, दोस्तांनी लावलेला दगड वाटतो तो.

ह्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही पण शब्द चुकीचा आहे. आपल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्रीचे, 10 जुलै 1944 ला इटलीतच, इंग्रजांच्या सैन्यात लढताना गेले, जवळचे सगळे पडले तरी एकटे मशीनगनवर धावून गेले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाव तिकडे इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर, पुतळा माणगावात. त्यांना भाडोत्री म्हणून बघा कोणासमोर! गावी जाताना माणगावला ट्रॅफिकमध्ये अडकालच, तेव्हा ह्यांना उतरवा आणि पुतळा दाखवा.

कीओबद्दल मला खुपतं ते वेगळंच. आयर्लंडात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातला पोरगा शेवटी लाकोटा आणि शायेन लोकांच्या जमिनी घ्यायला निघालेल्या फौजेत मेला. त्या रणभूमीवर पांढरे दगड 1890 पासून आहेत, जिथे गोरे शिपाई पडले तिथे, कीओचाही आहे. पडलेल्या मूळ रहिवाशांसाठी लाल ग्रॅनाइटचे दगड बसवायला 1999 उजाडलं.

राहिला घोडा. कोमांचे त्याचं नाव, दोन दिवसांनी जखमी अवस्थेत सापडला, बरा झाला आणि 1878 मध्ये रेजिमेंटने हुकूमच काढला की याच्यावर यापुढे कोणीही बसायचं नाही, काम लावायचं नाही. 1891 ला मेला. पेंढ्याचं खरं आहे, लॉरेन्सला कॅन्सस विद्यापीठाच्या म्युझियममध्ये काचेआड उभा आहे.