शाळेतल्या जुन्या संगणकांवरचं विंडोज काढून लिनक्स टाकावं का?

आठ संगणक, ४ जीबी रॅम, विंडोज १०. त्याला मायक्रोसॉफ्टचा आधार (सुरक्षेचे अपडेट) ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११ चढत नाही, हा तुमचा पेच. लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, टाका, पण लगेच नको. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं त्यावरच चालतात, तेव्हा मुलांची काळजी नको. अडतं ते फॉन्ट आणि प्रिंटरपाशी.

जुन्या प्रश्नपत्रिका बहुधा कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतील. कृतिदेवमधला 'क' फाइलमध्ये इंग्रजी 'डी' म्हणूनच साठवलेला असतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसतो आणि खापर लिनक्सवर फुटतं. जुनं वाचण्यापुरती फॉन्टची फाइल लिनक्सच्या संगणकावर टाका, नवं टायपिंग मात्र युनिकोडमध्येच (त्यात मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलं जातं). त्यासाठी 'आयबस-एम१७एन' बसवलं की इन्स्क्रिप्ट, गमभन, रेमिंग्टन, ज्याला जो सवयीचा तो कीबोर्ड मिळतो.

एकदम सगळं बदलायला नको, म्हणून पहिला महिना विंडोजवरच लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं मोफत सॉफ्टवेअर) वापरा. सेटिंगमध्ये कायम 'डॉक्स' (.docx, म्हणजे वर्डच्या) प्रकारात सेव्ह करायला सांगा, नाहीतर केंद्रावर पाठवलेली फाइल तिथे उघडत नाही म्हणून फोन येईल.

मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज, प्रोजेक्टर आणि प्रिंटर तपासा. कॅनन एलबीपी २९०० असेल तर त्याच्या नादी लागू नका, तो कार्यालयातल्या विंडोजलाच जोडलेला राहू द्या. एचपी १०२० चालतो, पण त्याचं प्लगइन उतरवताना इंटरनेट लागतं. डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर तेही त्याच विंडोजवर.

पैसे खर्च करायचेच तर रॅमआधी एसएसडीवर (जुन्या हार्डडिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कवर) करा. १२० जीबीची पुरते. सोबत मदरबोर्डवरचा, घड्याळ चालवणारा सीआर२०३२ सेलही बदला. तो संपला की तारीख मागे जाते, ब्राउझर प्रमाणपत्राची चूक दाखवतो आणि सरकारी पोर्टल उघडतच नाही. (यासाठी लोक संगणक फॉरमॅट करतात!)

एक संगणक पूर्ण सजवा: जीकॉम्प्रिस (शैक्षणिक खेळ), टक्स पेंट (चित्रकला), जिओजेब्रा (गणित), आणि मुलांसाठी ॲडमिन अधिकार नसलेलं वेगळं खातं. मग क्लोनझिला या डिस्कची प्रत काढणाऱ्या सॉफ्टवेअरने त्याचीच प्रत बाकीच्यांवर उतरवा. ज्या डिस्कवर उतरवायचं ती मूळ डिस्कपेक्षा लहान असेल तर क्लोनझिला अडून बसतं, म्हणून एसएसडी सगळ्या एकाच मापाच्या घ्या. प्रत उतरली की प्रत्येक संगणकाचं नाव बदलायचं, नाहीतर नेटवर्कवर आठही एकाच नावाने दिसतील.