ग्लासला घाम कुठून येतो आणि पाढे कधी पाठ होणार?

यावेळी पत्रांचा ढीगच आलाय. ‘इन्क्वायरी बेस्ड लर्निंग’ म्हणजे मुलांनी प्रश्न विचारत, करून बघत शिकायचं, याबद्दल लिहा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर पालक, शिक्षक, एक आजोबा, सगळ्यांनी मनातलं भडाभडा लिहून पाठवलंय. काही पत्रं जरा कापलीयेत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, माझा मुलगा तिसरीत आहे, आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या शाळेत. सध्या सहा आठवडे ‘पाणी’ हे एकच युनिट चालू आहे. पुस्तक नाही, वहीत धड उत्तरं नाहीत, रोज घरी येऊन सांगतो की आज आम्ही डिस्कशन केलं. सातचा पाढा विचारला तर बोटं मोजतो. त्याच्याच वयाचा माझा भाचा स्टेट बोर्डात आहे, तो पंधरापर्यंत घडाघडा म्हणतो. एवढी फी भरून मुलगा मागे पडतोय का?
— एक आई, पुणे

उत्तर : ताई, यात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात, आधी त्या सोडवू. आयबीचा प्राथमिकचा कार्यक्रम १९९७ पासून चालू आहे आणि त्यात ‘जग कसं चालतं’, ‘आपण कोण आहोत’ अशा सहा मोठ्या विषयांभोवती वर्षभराची युनिटं बांधलेली असतात, त्यामुळे एकच विषय सहा आठवडे चालणं हे तिथे नॉर्मल आहे, त्यात शाळेचा आळस नाही. पाणी हा विषय तेवढा पुरतोही, म्हणजे आपल्या नळाला कुठल्या धरणातून येतं इथपासून वाफ होऊन कुठे जातं इथपर्यंत.

पण पाढ्यांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पाढा शोधून पाठ होत नाही. सात पंचे पस्तीस माहीत असेल तर त्यात अजून एक सात मिळवला की सात सक बेचाळीस, हे पोराने स्वतः शोधावं, जरूर शोधावं, कारण मग अडला तरी वाट सापडते. पण ते कळल्यावर पाढा म्हणून म्हणून पाठच करायला लागतो, त्याला इलाज नाही. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तीन संशोधकांनी एक लेख लिहिला होता, त्यावर शिक्षणवाल्यांत अजून भांडणं चालतात. त्यांचं म्हणणं साधारण असं, की नवशिक्याच्या डोक्यात एका वेळी थोडंच मावतं, त्याला कमी मदत देऊन ‘शोध तूच’ म्हटलं तर ती सगळी ताकद चाचपडण्यातच जाते. पुढच्याच वर्षी दुसऱ्या बाजूने उत्तर आलं की चांगल्या इन्क्वायरीत मुलाला असं सोडून देतच नाहीत, पावलोपावली आधार असतो. मला विचाराल तर दोघंही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या वर्गांबद्दल बोलतायत. म्हणून पीटीएमला, म्हणजे पालकसभेला, ‘पोर्शन किती झाला’ विचारू नका, टीचरना एवढंच विचारा की युनिटच्या आधी माझ्या मुलाला पाण्याबद्दल काय वाटत होतं आणि आता काय वाटतं. टीचरनी एखादं उदाहरण देऊन सांगितलं तर निर्धास्त रहा. नुसतं ‘ही इज व्हेरी क्युरियस’ असं ऐकायला मिळालं तर मात्र जरा खोलात जा. आणि पाढे संध्याकाळी घरी म्हणून घ्या, त्याने आयबी बुडत नाही.

प्रश्न : मॅडम, मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, दोन्ही माझ्याकडे. प्रशिक्षणात सांगतात मुलांना शोध घेऊ द्या, साहेब व्हिजिटला आले की विचारतात निपुणचं (म्हणजे वाचन-गणिताचा पाया पक्का करायच्या सरकारी मोहिमेचं) काय, वाचन किती झालं. साहित्य नाही, वेळ नाही, ऑनलाइन माहिती भरण्यातच अर्धा दिवस जातो. हे सगळं शहरातल्या शाळांसाठी आहे असं वाटतं. खरं सांगा.
— एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : गुरुजी, माहिती भरण्यावर माझ्याकडेही औषध नाही. बाकीचं बोलू.

पहिलं म्हणजे रोज इन्क्वायरी करायचीच नाही. वाचन शिकवायचं तर अक्षर-आवाजाची ओळख सरळ शिकवायची, निपुणचं काम वेगळं आणि ते महत्त्वाचंच आहे. इन्क्वायरीला परिसर अभ्यासाचा आठवड्यातला एखादा तास द्या, पण तो नीट द्या. आणि साहित्य तुमच्या पुस्तकातच आहे. बालभारतीच्या परिसर अभ्यासात ‘करून पहा’, ‘जरा डोके चालवा’, ‘सांगा पाहू’ अशा चौकटी कितीतरी वर्षं आहेत, आणि बहुतेक वर्गांत होतं काय, तर ‘करून पहा’ मोठ्याने वाचून पुढे जातात. एक सविस्तर सांगते.

स्टीलच्या ग्लासात बर्फ घालून पाणी ठेवा. बर्फ गावात नसेल तर पेप्सीकोलाची थंडगार कांडी फोडून टाका, चालतंय. थोड्या वेळात ग्लास बाहेरून ओला होतो. विचारा, हे पाणी कुठून आलं? लगेच उत्तर देऊ नका, आणि हुशार पोराला तर अजिबात बोलू देऊ नका, आधी सगळ्यांना आपापला अंदाज पाटीवर लिहू दे नाहीतर काढू दे. अर्ध्याहून जास्त पोरं म्हणतील, आतलं पाणी झिरपलं. हे ऐकून आपण मनात म्हणतो अरेरे, पण थांबा, त्या पोराच्या घरी माठ आहे! माठातून पाणी झिरपताना त्याने रोज बघितलंय, मातीला बारीक भोकं असतात, झिरपलेलं पाणी वाळतं आणि म्हणून तर आतलं गार होतं. म्हणजे त्याचा अंदाज अनुभवावर उभा आहे, तो फक्त स्टीलला लागू होत नाही. मग त्यालाच विचारा, झिरपतंय की नाही हे कसं ओळखायचं? न सुचलं तर तुम्ही सुचवा, पाण्यात शाई टाकू. ग्लासात निळं पाणी, आणि बाहेरचे थेंब बोटावर घेतले तर बिनरंगी. वर्गात गोंधळ होतो, होऊ दे.

एखादा अडून बसतो, शाई गाळली जात असेल म्हणतो. वाद घालू नका, त्याचं म्हणणं तपासण्यासारखं आहे. कुणाच्या घरी किंवा दुकानात फ्रिज असेल तर रिकामा, कोरडा ग्लास त्यात गार करून बाहेर काढा. आत पाणी घातलंच नव्हतं, तरी बाहेर घाम. आता झिरपलं म्हणणाऱ्याकडे काही उरत नाही, पाणी बाहेरूनच आलं हे पोरं स्वतः म्हणतात.

आणि इथेच खरी मेख आहे गुरुजी, जी प्रशिक्षणात कुणी बोलत नाही. हवेत न दिसणारी वाफ असते हे कुठलंही पोर स्वतः शोधू शकत नाही, ते तुम्हालाच सांगायला लागतं. प्रयोगाने फक्त चुकीची वाट बंद होते आणि पोराला बरोबर उत्तराची भूक लागते. त्या क्षणी फळ्यासमोर उभं राहून सरळ सांगा, हवेतली वाफ गार ग्लासला लागून पाणी झाली. शिक्षकाने सांगायचंच नाही, नुसतं ‘फॅसिलिटेटर’ व्हायचं, असं कुणी म्हणालं तर त्यांना एकदा चौथीचा वर्ग घ्यायला बोलवा. आधी सांगितलं की ते पाठांतर होतं, अंदाज बांधून आपटल्यावर सांगितलं की टिकतं, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

हा तास पावसाळ्यात घ्या. भर उन्हाळ्यात, त्यातून हवा कोरडी असेल तर घाम कमी येतो, मग तोच पुढचा प्रश्न होतो, आज कमी का आला.

दोन इयत्ता एकत्र आहेत ही इथे अडचण नाही, उलट सोय आहे. प्रश्न एकच ठेवा, तिसरी चित्र काढेल, चौथी तीन-चार ओळी लिहील. नोंदीचं म्हणाल तर आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकता शिकता वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, साधनांत निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग हे पहिल्यापासून आहेतच. वर्णनात्मक नोंदीत ‘सहभाग चांगला’ लिहिण्यापेक्षा ‘आधी झिरपलं म्हणत होता, शाईचा प्रयोग बघून मत बदललं, कारण सांगितलं’ असं लिहा. साहेबांनी भुवया उंचावल्या तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ दाखवा, त्यात कृती, शोध आणि धुंडाळण्यातून शिकणं चक्क कायद्यानेच सांगितलंय, आणि कायदा २०१० पासून लागू आहे.

प्रश्न : मी निवृत्त माणूस. आमच्या वेळी गुरुजी सांगायचे, आम्ही ऐकायचो, आणि आमच्यातले इंजिनियर-डॉक्टर झालेच की. हे अमेरिकेतून आणलेलं नवीन फॅड आहे, चार वर्षांत जाईल. नातवंडांवर प्रयोग कशाला?
— एक आजोबा, कोल्हापूर

उत्तर : आजोबा, झाले ते झाले, पण जे झाले नाहीत त्यांना कुणी पत्रं लिहायला सांगितलं नाही, त्यामुळे आपल्याला एकच बाजू ऐकू येते.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथले शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी शिकागोत १८९६ साली अशी शाळा काढली होती, म्हणजे नवीन तर नाहीच. आणि आपल्याकडे वर्ध्याला १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली, तिथून गांधीजींची नई तालीम आली, काम करत करत शिकण्याची. त्याच्याही आधी, १९२६ ला, बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेकांनी नूतन बाल शिक्षण संघ सुरू केला, पुढे ताराबाई आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी पोरांसाठी जे उभं केलं ते महाराष्ट्राला सांगायला नको. शेजारी मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगातूनच शिकवायला सुरुवात झाली, पुढे ते शेकडो शाळांत पसरलं. साधं किट, परीक्षेत पुस्तक उघडून बसायची मुभा, आणि पोरांनी प्रश्न पत्राने पाठवायचे ते ‘सवालीराम’ नावाच्या काल्पनिक माणसाला, तो सगळ्यांना उत्तर द्यायचा! (या कॉलमवालीला त्याचा हेवा वाटतो.) २००२ मध्ये सरकारने ते बंद केलं. म्हणजे तीस वर्षं टिकलं, फॅड म्हणायला जरा जास्तच.

तुमच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र खरी आहे, हे दर काही वर्षांनी नवीन नावाने येतं. ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं या विचाराची, लाट आली तेव्हा किती शाळांनी फरश्या रंगवल्या आणि शिकवणं होतं तसंच ठेवलं ते सगळ्यांना माहितीये. राग तिथे काढा, मी पण सोबत आहे.

प्रश्न : रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज, उद्या सोलर सिस्टिमचं मॉडेल आणा, इन्क्वायरी प्रोजेक्ट आहे. मुलगी दुसरीत. अकरा वाजता स्टेशनरीवाल्याचं शटर वाजवून बॉल आणले, एक वाजेपर्यंत मी आणि नवरा ग्रह रंगवत बसलो, मुलगी झोपलेली. मॉडेलला ‘एक्सलंट’ मिळालं. हे काय आहे?
— एक दमलेली आई, ठाणे

उत्तर : ताई, अभिनंदन, एक्सलंट तुम्हा दोघांना मिळालंय. ही इन्क्वायरी नाही, हे हस्तकला आहे आणि तेही आईबापांचं. प्रश्न नाही, अंदाज नाही, तपासणं नाही.

आकाशाचंच करायचं असेल तर टीचरना हे सुचवा : पौर्णिमेच्या आधी आठवडाभर रोज संध्याकाळी सातला पोरीने चंद्र बघायचा आणि जसा दिसला तसा वहीत काढायचा. पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांत सातला चंद्रच सापडत नाही, कारण तो रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा उगवतो. पोरं म्हणतात हरवला. मग त्याच आठवड्यात सकाळी शाळेत जाताना रिक्षातून पश्चिमेला बघायला सांगा, हा काय इथे! खर्च शून्य, शटर वाजवायला नको. पुढच्या वेळी असा मेसेज आला तर पोरीने स्वतः जे केलं तेच पाठवा, वाकडं तर वाकडं. दोन-तीन आयांनी मिळून तसं केलं तर ग्रुपवरचे मेसेज आपोआप लवकर यायला लागतात.

प्रश्न : माझा पाच वर्षांचा मुलगा दिवसभर का, कसं, कुठे. निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला येत नाहीत. मोबाइलला विचारू दिलं तर चालेल का?
— बाबा, मडगाव

उत्तर : काही प्रश्न मोबाइललाच विचारायचे. डायनोसॉर का मेले हे तुम्ही अंगणात तपासू शकत नाही, तिथे पुस्तक, फोन, काहीही चालेल, फक्त सोबत बसून ऐका. पण मुंग्यांना साखर जास्त आवडते की गूळ, हे फोनला विचारलं तर मजाच गेली. दोन झाकणं घ्या, एकात साखर, एकात गूळ, मुंग्यांच्या रांगेजवळ ठेवा. झाकणं सारख्या अंतरावर ठेवायला लागतात, नाहीतर जे जवळ ते जिंकतं. पण हे तुम्ही आधी सांगू नका, एकदा तशीच ठेवू द्या, दुसऱ्या वेळी पोरगाच म्हणेल, बाबा, हे जवळ होतं, चीटिंग झाली. आणि झाल्यावर फरशी पुसायला त्यालाच फडका द्या, गूळ फार चिकटतो.