जर्मनीत रोड बाईकसाठी नदीखोऱ्यांतले आणि जंगली डोंगरांतले चांगले मार्ग कोणते?

तुम्ही विचारलंय की पुण्यात सायकलने सिंहगड नेमाने चढता, आता वर्षभरासाठी नैर्ऋत्य जर्मनीत, ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याच्या फ्रायबुर्गजवळ राहायला येताय, तर ऱ्हाइनचा सायकल-मार्ग धरावा की मोझेलचा?

दोन्ही नको. निदान रोड बाईक (अरुंद टायरची वेगवान सायकल) घेऊन तरी नको. 'जर्मनीत नदीकाठचा सायकल-मार्ग धरला की झालं' हा सल्ला सगळीकडे डोळे मिटून दिला जातो, आणि तो मला मुळीच पटत नाही. ते मार्ग बॅगा लादलेल्या टूरिंग सायकलींसाठी आणि मुलाबाळांसह निघालेल्या कुटुंबांसाठी आखलेत. त्यांच्यासाठी ते उत्तमच आहेत. पण २५ मिमी टायरवर ताशी ३० ने जायचं म्हटलं की कुत्री फिरवणारी माणसं, मुळांनी उचकटलेलं डांबर आणि गावागावात काटकोनात वळणारी वाट यातच दिवस जातो. डॅन्यूबच्या वरच्या खोऱ्यात, टुटलिंगेन ते झिगमारिंगेन, देखावा अप्रतिम आहे. पण मार्गाचे बरेच तुकडे दाबलेल्या खडीचे आहेत. तिथे ३५ मिमीच्या खाली जाऊ नये. मोझेल डांबरी आणि सपाट आहे, पण वारा समोरून लागला तर तो लांबपर्यंत सोडत नाही.

रोड बाईकला खोरं फक्त डोंगराच्या पायथ्याशी पोचायला हवं. एका नदीने आत शिरायचं, लहान रस्त्याने खोऱ्याबाहेर चढायचं आणि दुसऱ्या नदीने परत यायचं. फ्रायबुर्गला असा मार्ग दारातच आहे: एल्त्स नदीने आत, कांडेल डोंगरावरून पलीकडे, द्रायझाम नदीने घरी. या दोन्ही नद्या पुढे रीगेलजवळ एकमेकींना मिळतात. एकूण सुमारे ७५ किमी, चढाई १४०० मीटरच्या आसपास.

फ्रायबुर्गहून गुंडेलफिंगेन, डेन्त्सलिंगेन करत वाल्डकिर्श, साधारण १८ किमी, जवळजवळ सपाट. डेन्त्सलिंगेननंतर बी २९४ हा मोठा रस्ता दिसेल. निळ्या पाटीवर पांढरी मोटार असेल तर तो फक्त मोटारवाहनांचा रस्ता, त्यावर सायकल चढवायची नाही. बुखहोल्त्स गावातून जाणारा जुना रस्ता घ्या. बाटल्या वाल्डकिर्शमध्येच भरा, ७५० मिलीच्या दोन. डोंगरावरच्या हॉटेलच्या भरवशावर निघू नका, आणि रविवारी दुकानं बंद असतात हे धरून चाला. गावच्या स्मशानभूमीत नळ असतो, इथले सायकलवाले सर्रास तिथे पाणी भरतात. मात्र 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी असेल तर ते पिण्याचं पाणी नाही.

वाल्डकिर्शहून कांडेलचा घाट १२ किमीचा, चढाई सुमारे ९५० मीटर, म्हणजे सरासरी ८ टक्के. सिंहगड १३१२ मीटर आणि कांडेल १२४१, म्हणून हा सोपा असेल असं समजू नका. पुणं ५६० मीटरवर आहे, वाल्डकिर्श २७० च्या आसपास. शिखराची उंची बघून घाट जोखायचा नसतो, पायथा बघायचा असतो. शिवाय सिंहगडावर मध्येमध्ये दम घ्यायला जागा मिळते. इथे चढ एकसारखा लागतो आणि तो पायांपेक्षा डोक्याला जास्त थकवतो. पहिले ३ किमी मुद्दाम हळू काढा. ताशी ८ ने दीड तास, १० ने सव्वा तासाच्या आत. दर तासाला ५०-६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि खायला सुरुवात पायथ्याला करायची, भूक लागल्यावर नाही.

डोंगराची ही बाजू उत्तरेकडची आणि दाट झाडीची. उन्हाळ्यात सावली मिळते, पण पाऊस थांबल्यावरही रस्ता बराच वेळ ओला राहतो. ऑक्टोबरात त्यावर पानांचा थर बसतो, वळणाच्या आतल्या कडेला जास्त. म्हणूनच हा घाट वाल्डकिर्शकडून चढायचा आणि दक्षिणेकडे उतरायचा. आमच्या सायकल-मित्रांमध्ये हा वाद जुना आहे. 'दक्षिणेच्या सांक्ट पेटर गावाकडून आधी थोडी उंची मिळवू आणि वाल्डकिर्शला मस्त उतार मारू' असं म्हणणारे दर मोसमात भेटतात. मी ठामपणे सांगतो, ही उलटी दिशा चूक आहे: सलग ८ टक्क्यांचा १२ किमी उतार, सावलीत ओला, ब्रेक तापलेले, आणि खाली पोचताच थेट गावातली वर्दळ. कार्बन रिम आणि रिम-ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारे) असतील तर हा विचारच सोडा. सतत ब्रेक दाबून धरला की रिम तापते, आतली ट्यूब फुटू शकते. कुठल्याही उतारावर ब्रेक वळणाआधी जोरात, थोडा वेळ, दोन्ही चाकांना लावायचा आणि वळणात सोडायचा.

दक्षिणेचा रस्ता मोकळ्या कुरणांतून झेगेनडोबेलला उतरतो. पुढचं वळण लांबून दिसतं, ऊन लागल्याने डांबर लवकर सुकतं. धोका आहे तो ट्रॅक्टरच्या चिखलाचा आणि शेणाचा. माथ्यावर हवा खालपेक्षा सुमारे ६ अंशांनी थंड असते आणि घामेजलेल्या अंगावर ताशी ५० चा वारा बसतो. विंडजॅकेट वर थांबल्याथांबल्या घालायचं, काकडल्यावर नाही. ग्लोटरटालचा रस्ता लागला की डावीकडे वळून सांक्ट पेटर. तिथल्या मठाची स्थापना १०९३ ची, समोर बसायला जागाही छान. तिथून सांक्ट मेर्गेनपर्यंतचे ८ किमी पठाराच्या कडेने जातात, उजवीकडे फेल्डबर्ग या उंच डोंगराची रांग. या आठ किलोमीटरसाठी मी बाकीचा सगळा मार्ग पुन्हा करायला तयार असतो.

सांक्ट मेर्गेनहून वागेनश्टाइगच्या खोऱ्यातून बुखेनबाखला उतरा. शेजारचा वागेनश्टाइगबाख हा ओढा किर्शत्सार्टनजवळ रोटबाखला मिळतो आणि तिथून त्यांची द्रायझाम होते. म्हणजे तुम्ही तिच्या पाण्याबरोबरच फ्रायबुर्गला पोचता. ह्योलेनटाल या शेजारच्या खोऱ्यातल्या बी ३१ या मोठ्या रस्त्यावर मात्र जाऊ नका. तोही नदीखोऱ्याचाच रस्ता, नकाशात सरळ आणि मोहक दिसतो, पण ट्रकांची रांग आणि शेजारी खडक, सायकलीला जागाच नाही. टिटिझे तलावाला जायचं असेल तर आगगाडीने जा. (डॉइचलांडटिकिटात, म्हणजे देशभर स्थानिक गाड्यांना चालणाऱ्या मासिक पासात, सायकल धरलेली नसते.)

रस्त्याच्या हक्काबद्दलही सांगतो, कारण यावरून मोटारवाले हॉर्न वाजवतात. गोल निळ्या पाटीवर पांढरी सायकल असेल तरच बाजूचा सायकल-मार्ग वापरणं सक्तीचं. हिरव्या अक्षरांच्या पाट्या फक्त दिशा दाखवतात, सक्ती करत नाहीत. मोटारीने तुम्हाला ओलांडताना गावाबाहेर किमान २ मीटर आणि गावात दीड मीटर अंतर ठेवायचं असा २०२० पासून नियम आहे. म्हणून गटाराच्या कडेला चिकटू नका, चिकटलात तर लोक घासून जातात. घंटी कायद्याने लागते. जंगलातल्या २ मीटरपेक्षा अरुंद वाटांवर बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये, म्हणजे फ्रायबुर्गच्या राज्यात, सायकलीला मनाई आहे, तेव्हा अ‍ॅपने सुचवलेला 'शॉर्टकट' आधी तपासा. 'रोलश्प्लिट' लिहिलेलं दिसलं की नवी सुटी खडी टाकलेली आहे, तिथे वळणात झुकायचं नाही.

शनिवार-रविवारी कांडेलवर मोटारसायकली फार येतात. सकाळी आठच्या आत चढायला लागा, किंवा त्या दिवशी फ्रायबुर्गजवळचाच शाउइन्सलांड डोंगर घ्या. होर्बेनहून वर जाणारा तो रस्ता मोसमात सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलींना बंद असतो. मार्चमध्ये दोन्हीकडे वर बर्फ असू शकतो, खाली फ्रायबुर्गात झाडं फुललेली असली तरी.

शेवटी गिअर. 'मोठी कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) कमजोरांसाठी' असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. ८ टक्क्यांवर ताशी ८ ने जाताना ३४-२८ वर (पुढे ३४ दाते, मागे २८) पेडलचे मिनिटाला ५२ फेरे पडतात, ३४-३४ वर ६३. सव्वा-दीड तास ५२ ने दाबत राहिलात तर गुडघे दुसऱ्या दिवशी बोलतात. येण्याआधी पुण्यातच ११ ते ३४ दात्यांची, म्हणजे ११-३४ कॅसेट बसवून घ्या. मागचा डेरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) छोट्या पिंजऱ्याचा असेल तर तो ३४ झेपवणार नाही, मध्यम पिंजऱ्याचा लागेल. चेनही एक-दोन कड्यांनी लांब घ्यावी लागेल. जुनीच ठेवली तर पुढची मोठी आणि मागची मोठी चकती एकत्र लागताच ती ताणून डेरेलर मोडते. आणि शिमानोची ११ स्पीडची ११-३४ असेल, तर ११ स्पीडच्या रोड हबवर (मागच्या चाकाच्या तुंब्यावर) तिच्यामागे १.८५ मिमीची चकती घालावी लागते. ती कॅसेटच्या खोक्यातच असते, मेकॅनिकला दाखवून द्या. ती राहिली तर कॅसेट कितीही आवळली तरी हलत राहते.