दोन लाख आणि स्टॅम्पपेपर: सही करण्याआधी एवढं वाचा

ताई, सही करू नका. बाकीचं सविस्तर सांगतो, पण हे आधी.

तुमच्या लिहिण्यावरून मला समजलं ते असं. सप्टेंबर २०२५ मध्ये पुण्याजवळ वाघोलीच्या पुढच्या एका दगडखाणीत कडा कोसळला आणि तुमचा भाऊ (वय ३२) व त्याचा कामावरचा जोडीदार (वय २५) ढिगाऱ्याखाली अडकले. जोडीदार गेला. भावाला सात तासांनी जिवंत काढलं, पण उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मालक आता दोन लाख ‘मदत’ देतोय, त्यातून उचलीचे (मजुरीपोटी आगाऊ दिलेले) चाळीस हजार कापणार, आणि ‘यापुढे काही तक्रार नाही’ असं स्टॅम्पपेपरवर लिहून मागतोय. शिवाय म्हणतोय, माणसं ठेकेदाराची होती.

‘मदत’ हा शब्दच मला सहन होत नाही. हे मालकाचं देणं आहे आणि ते अपघाताच्या दिवशीच त्याच्या डोक्यावर बसलं. कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ मध्ये हिशोब वय आणि पगारावर होतो. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत गेल्या, पण तुमचा अपघात त्याआधीचा आहे.) पगार कितीही असला तरी हिशोबासाठी महिना १५,००० पर्यंतच धरतात. ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची. जोडीदाराच्या घरच्यांसाठी त्याचा निम्मा पगार, ७,५००, गुणिले पंचवीस वयाचा गुणांक २१६.९१, म्हणजे १६,२६,८२५ रुपये. तुमच्या भावाचं काम कायमचं गेलं असं ठरलं, तर पगाराच्या साठ टक्के, ९,०००, गुणिले बत्तीस वयाचा गुणांक २०३.८५, म्हणजे १८,३४,६५०. दवाखान्याचा खर्च वेगळा.

मालकाचा वकील इथे कायद्यातला इजांचा तक्ता काढेल: गुडघ्याखाली पाय गेला तर कमाईची क्षमता ५० टक्के गेली, म्हणून निम्मेच पैसे. निम्मे धरले तरी ९,१७,३२५ होतात. पण निम्म्यावर थांबू नका. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता, त्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून नुकसान शंभर टक्के. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता, हा निकाल वकिलाला नावानिशी सांगा. खाणीच्या कड्यावर उभं राहून घण मारणारा माणूस एका पायावर काय फोडणार?

उचलीबद्दल. खाणीवरचा प्रत्येक माणूस उचलीत अडकलेला असतो आणि मालकाला ते पक्कं ठाऊक असतं. कायद्याचं कलम ९ सांगतं की भरपाईच्या रकमेतून दुसरं कुठलंही येणं वळतं करता येत नाही. उचल खरी असेल तर मालकाने ती वेगळी मागावी. या पैशातून एक रुपयाही कापता येणार नाही. ठेकेदाराचं म्हणाल तर कलम १२ आहे: खाणमालकाकडून वसूल करा, तो ठेकेदाराकडून घेईल.

मग सही केली तर काय बिघडलं, असं तुम्हाला वाटेल. हक्क सोडून देणारा करार कायद्यापुढे टिकत नाही, आणि मृत्यूच्या प्रकरणात मालकाने घरच्यांच्या हातात परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही, ती कर्मचारी भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागते. पण तो कागद दाखवून वर्षानुवर्षं तारखा घेता येतात. मोशीकडच्या एका खाणीतल्या बाईने असाच अंगठा दिला होता. मी तिचा दावा लिहिला तोवर हजेरीची वही नवीन झाली होती, तिच्या नवऱ्याचं नावच नव्हतं. शेवटी आम्हाला वाचवलं वस्तीवरच्या किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीने. त्यात दर शनिवारी ‘मुकादमाकडून जमा’ अशी नोंद होती. चार वर्षं गेली. पैसे मिळाले तेव्हा धाकट्या मुलाची शाळा सुटलेली होती.

म्हणून आजच कामाला लागा. मुकादमाने फोनपेवर पाठवलेल्या रकमा, ब्रासच्या (दगड मोजायच्या मापाच्या) हिशोबाच्या चिठ्ठ्या, ससूनची असो की खासगी दवाखान्याची, पहिल्या दिवसाची केसपेपरची प्रत, पोलिसांचा पंचनामा, सगळं जमवा. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका. खाणीत सुरुंग लावत असतील तर ती कायद्याने खाणच आहे, ‘छोटी खाण’ ही सबब चालत नाही. खाण सुरक्षा महासंचालनालयाला लेखी कळवा. कडा पायऱ्यापायऱ्यांनी न तोडता सरळ उभा ठेवला होता का, हे त्यांनी पाहायला हवं.

तुमच्या पोस्टमधली एक ओळ मला सोडत नाही: ‘भाऊ रात्री दिवा बंद करू देत नाही.’ त्या सात तासांची किंमत तक्त्यात कुठेच नाही. उत्तराखंडमधल्या सिलक्याराच्या बोगद्यात २०२३ मध्ये ४१ माणसं सतरा दिवस अडकली, सुखरूप निघाली, राज्य सरकारने प्रत्येकी एक लाख दिले. दिले म्हणून मिळाले, मागायचा हक्क म्हणून नव्हे. निष्काळजीपणासाठी दिवाणी दावा लावून ही भीतीही मांडता येते, पण मग भरपाईच्या कायद्याखालचा दावा सोडावा लागतो, आणि दिवाणीला फार काळ लागतो. मला हे अन्यायाचं वाटतं. तरी सल्ला भरपाईच्या दाव्याचाच देतो, कारण घरात आज चूल पेटायला हवी. भावाला मानसोपचारतज्ज्ञाकडे मात्र न्या आणि तो खर्चही उपचारात लावा.

महिन्याभरात मालकाने पैसे भरलेले नाहीत, त्यामुळे १२ टक्के व्याज मागा, आणि समाधानकारक कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं.

जोडीदाराची बायको लातूरकडे गावी गेली असं तुम्ही म्हणालात. तिला फोन करा. तिला पुण्याला यायची गरज नाही, राहत्या जिल्ह्यातही दावा लावता येतो. मालकाचा माणूस स्टॅम्पपेपर घेऊन तिच्याकडे आधी पोचेल.