वाचक विचारतात : बाहेरच्या डिस्कवरून लॅपटॉप

पेनड्राइव्ह किंवा यूएसबीला जोडलेल्या डिस्कवरून आख्खी सिस्टिम चालवण्याबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांतल्या आज्ञा टर्मिनलमध्ये रोमन लहान अक्षरांत टाइप कराव्यात.

प्रश्न : २०१५ सालचा आय-थ्री लॅपटॉप आहे, रॅम ४ जीबी. आतली हार्ड डिस्क दिसेनाशी झाली. दुरुस्तीवाला म्हणतो, मदरबोर्डवरचा कनेक्टर गेला, आता यात पैसे घालू नका. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स टाकून हाच लॅपटॉप रोज वापरता येईल का? (सांगली)

लॅपटॉप वापरता येईल, पण पेनड्राइव्हवर नको.

त्याआधी दुरुस्तीवाल्याचं निदान एकदा पडताळून घ्या. आतली डिस्क काढून यूएसबी एन्क्लोजरमध्ये (डिस्क बसवून यूएसबीला जोडायच्या डबीत) घाला आणि दुसऱ्या संगणकाला लावा. तिथंही दिसली नाही, तर गेलीय ती डिस्क; कनेक्टर शाबूत असण्याची शक्यता मोठी. मग आतच साटा एसएसडी बसवा, बाहेरून चालवण्याचा खटाटोप हवा कशाला? बऱ्याच मॉडेलांत डिस्क आणि बोर्ड यांच्यामध्ये चपटी रिबन केबल असते. तीच खराब होते आणि बोलणी मदरबोर्ड खातो. केबल बदलून बघायला फार खर्च येत नाही.

कनेक्टर खरोखरच गेला असेल, तर अडीच इंची साटा एसएसडी आणि यूएसबी ३ चं एन्क्लोजर घ्या. १२० किंवा २४० जीबी पुरे. एन्क्लोजरच्या खोक्यावर 'यूएएसपी' असं छापलेलं असावं. डिस्कला एका वेळी अनेक कामं रांगेत देण्याची ही पद्धत आहे आणि सिस्टिम चालवताना तिचा फरक जाणवतो. लॅपटॉपच्या ज्या पोर्टची आतली जीभ निळी असेल किंवा शेजारी 'एसएस' अशी खूण असेल, त्यातच केबल लावा. यूएसबी २ च्या पोर्टवर कागदोपत्री ४८० मेगाबिट मिळतात, प्रत्यक्षात सेकंदाला ३५ ते ४० एमबी. हीच एसएसडी यूएसबी ३ वर ४०० एमबीच्या आसपास जाते.

पेनड्राइव्ह का नको? पाकिटावरचा वेग असतो एक मोठी फाइल सलग वाचण्याचा. सिस्टिम मात्र दिवसभर चार-चार केबीचे तुकडे इकडेतिकडे लिहीत असते : ब्राउझरचा कॅशे, नोंदी, अपडेट. फ्लॅश मेमरी मोठ्या ठोकळ्यांनीच पुसता येते, त्यामुळे चार केबी बदलायला आजूबाजूचा बराच मजकूर हलवावा लागतो. एसएसडीचा कंट्रोलर हे काम हुशारीनं निभावतो. स्वस्त पेनड्राइव्हच्या कंट्रोलरला ते झेपत नाही आणि वेग सेकंदाला १ एमबीच्याही खाली घसरतो. लक्षण ओळखीचं आहे : माउस हलतो, पण खिडकी करडी पडून थिजलेली, आणि ड्राइव्हचा दिवा एकसारखा पेटलेला. वर या सततच्या लिखाणानं पेनड्राइव्ह लवकर झिजतो. तो कधी फक्त वाचण्यापुरता उरतो, कधी अजिबात दिसत नाही.

पेनड्राइव्ह राखून ठेवा तो अडीनडीसाठी, म्हणजे लाइव्ह लिनक्स (इन्स्टॉल न करता थेट चालणारं) टाकून बंद पडलेल्या संगणकातल्या फाइली काढायला. रूफसमध्ये (असा पेनड्राइव्ह बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) 'पर्सिस्टंट' जागा राखून ठेवली तर त्यावर केलेले बदलही टिकतात; फक्त कर्नल (लिनक्सचा गाभा) जुनाच राहतो, कारण तो मूळ आयएसओमधूनच, म्हणजे इन्स्टॉलरच्या फाइलमधूनच, सुरू होतो.

४ जीबी रॅमवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. आणि पाचशे रुपयांत '२ टीबी' देणाऱ्या पेनड्राइव्हच्या वाटेला जाऊ नका. त्यांची खरी क्षमता बहुधा ३२ किंवा ६४ जीबीच असते. पुढचं लिहिलेलं हवेत जातं. कुठूनही आणलेला ड्राइव्ह विंडोजवर 'एच२टेस्टडब्ल्यू' किंवा लिनक्सवर 'एफ३' लावून पूर्ण भरून तपासावा.

प्रश्न : विंडोजच्या लॅपटॉपला बाहेरची एसएसडी लावून तिच्यावर उबुंटू लिनक्स टाकलं. छान चाललं. पण एसएसडी काढली की विंडोज सुरूच होत नाही. काळ्या पडद्यावर 'ग्रब' एवढंच येतं. विंडोज उडालं का? (ठाणे)

विंडोज जागेवर आहे. एसएसडी न लावता बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जा, बूटच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' सगळ्यात वर आणा, सेव्ह करून बाहेर पडा. पाच मिनिटांचं काम.

ही तक्रार वारंवार येते, म्हणून तिचं कारण नीट समजून घ्या. सिस्टिम सुरू करणारी छोटी फाइल, म्हणजे बूटलोडर (उबुंटूत त्याचं नाव ग्रब), डिस्कवरच्या ईएफआय नावाच्या वेगळ्या पार्टिशनमध्ये असते. उबुंटूचा जुना इन्स्टॉलर, जो मिंटमध्येही वर्षानुवर्षं वापरला गेला, तुम्ही बूटलोडरसाठी बाहेरची डिस्क निवडली तरी आतल्या डिस्कचं ईएफआय पार्टिशन दिसलं की बूटलोडर तिथंच टाकतो. ही त्याची जुनी, जाहीर चूक आहे. परिणाम असा, की ग्रब आत आणि तो ज्या लिनक्सला शोधतो ते बाहेर. डिस्क काढली की ग्रबला आपलं घर सापडत नाही. आणि तीच एसएसडी दुसऱ्या लॅपटॉपला लावली तर तिथंही काही सुरू होत नाही, कारण तिच्यावर बूटलोडरच नाही.

हे टाळायचं तर इन्स्टॉल करण्यापूर्वी आतली डिस्क इन्स्टॉलरच्या नजरेआड करा. बायोसमध्ये ती बंद करण्याची सोय असेल तर उत्तम. नसेल तर लाइव्ह सेशनमध्ये जीपार्टेड (पार्टिशन बदलण्याचं सॉफ्टवेअर) उघडा, आतल्या डिस्कचं ईएफआय पार्टिशन निवडा (बहुधा १०० ते ५०० एमबीचं, फॅट३२) आणि त्याचे 'बूट' व 'ईएसपी' हे फ्लॅग काढा. आता इन्स्टॉलर सुरू करून 'समथिंग एल्स' निवडा. बाहेरच्या डिस्कवर जीपीटी टेबल, पहिलं पार्टिशन ५१२ एमबीचं ईएफआय, उरलेलं एक्स्ट४, माउंट पॉइंट '/'. इन्स्टॉल झाल्यावर, रीस्टार्ट करण्याआधी, आतल्या पार्टिशनचे दोन्ही फ्लॅग पुन्हा लावा. हे विसरलात तर विंडोज सुरू होताना अडखळू शकतं.

तुमचं उबुंटू आधीच टाकून झालंय, तर पुन्हा फॉरमॅट मारायची गरज नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करा, जीपार्टेडनं बाहेरच्या एसएसडीवरचं मोठं पार्टिशन ५१२ एमबीनं आक्रसवा आणि त्या जागेत फॅट३२ पार्टिशन करून त्याला 'ईएसपी' फ्लॅग लावा. मग बाहेरच्या उबुंटूत शिरा, 'एफएसटॅब' फाइलमधल्या '/बूट/ईएफआय' या ओळीत नव्या पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) लिहा आणि रीस्टार्ट करा. त्यानंतर आधी सुडो (व्यवस्थापकाचे अधिकार देणारा शब्द) लावून 'ग्रब-इन्स्टॉल' चालवा, सोबत '--रिमूव्हेबल' हा पर्याय द्या. रिमूव्हेबलमुळे बूटलोडर अशा ठरावीक नावाच्या फोल्डरात बसतो, जिथं कुठलाही यूईएफआय (नव्या पद्धतीच्या बायोसचा) लॅपटॉप आपणहून डोकावतो.

आणखी एक. लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल, तर बायोसमध्ये सिक्युअर बूट किंवा बूटचा क्रम बदलल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. बायोसला हात लावण्याआधी तिथून कागदावर उतरवून घ्या. लॅपटॉप कंपनीनं दिलेला असेल, तर ही की तुमच्याकडे नसते, आयटी विभागाकडे असते. तिथं हा प्रयोग करूच नका.

प्रश्न : लिनक्स जमत नाही. विंडोजच बाहेरच्या डिस्कवर टाकता येईल का? (नाशिक)

नेहमीच्या सेटअपनं नाही. यूएसबी डिस्क निवडली की तो सरळ नकार देतो. मायक्रोसॉफ्टची यासाठी 'विंडोज टू गो' नावाची अधिकृत सोय होती, पण विंडोज १० च्या '२००४' क्रमांकाच्या आवृत्तीपासून (ती आली २०२० मध्ये) ती काढून टाकली. रूफसमध्ये मात्र तो मार्ग आजही आहे : आयएसओ निवडल्यावर 'इमेज ऑप्शन'मध्ये 'विंडोज टू गो' निवडायचं, पार्टिशन जीपीटी ठेवायचं. बाहेरची एसएसडी यादीत दिसत नसेल, तर 'लिस्ट यूएसबी हार्ड ड्राइव्ह्ज' या खुणेवर टिक करा. आतल्या डिस्कला हात न लावू देण्याचा पर्याय विचारला जातो, तो चालू ठेवा. नाहीतर बाहेरचं विंडोज आतल्या डिस्कवरही लिहू शकतं.

पेनड्राइव्हवर हे करू नका. पहिलं सुरू होणंच तासन्‌तास चालतं. एसएसडीवर ठीक चालतं, पण वर्षाकाठचे मोठे अपडेट अडतात, आणि अ‍ॅक्टिव्हेशन यंत्राला बांधलेलं असल्यानं दुसऱ्या लॅपटॉपवर लावलं की ते पुन्हा मागतं. एखादं विंडोजचंच सॉफ्टवेअर अधूनमधून लागत असेल तर ही सोय बरी. रोजच्या कामासाठी आम्ही तिची शिफारस करणार नाही. विंडोज १० चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा टाकायचंच तर ११ टाका.

प्रश्न : एसएसडीवरचं मिंट तास-दोन तास चांगलं चालतं आणि अचानक थिजतं. बटण दाबून बंद करावं लागतं. झाकण मिटून उघडलं की तर हमखास. (कोल्हापूर)

हे दोन वेगळे दोष असू शकतात. झाकणाचं आधी. लॅपटॉप झोपला की अनेक मॉडेलं यूएसबी पोर्टची वीज तोडतात. जागं झाल्यावर डिस्क नव्यानं जोडल्यासारखी येते आणि जिच्यावर सिस्टिम चालू होती ती 'जुनी' डिस्क तिला सापडत नाही. पॉवर सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर 'काहीच करू नये' असं ठरवा आणि काम संपलं की सरळ बंद करत जा.

मधेच थिजण्याचा संशय घ्या क्रमानं केबल, वीज आणि एन्क्लोजरची चिप यांच्यावर. केबल आखूड आणि डेटाची हवी. मोबाइल चार्जरसोबतच्या कित्येक टाइप-सी केबली यूएसबी २ च्याच असतात. 'एलएसयूएसबी -टी' ही आज्ञा द्या. डिस्कच्या ओळीत ५०००एम किंवा १००००एम दिसायला हवं. ४८०एम दिसलं तर केबल किंवा पोर्ट चुकीचा. विजेचं गणित असं : यूएसबी ३ चं साधं पोर्ट ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॉट देतं. साटा एसएसडी त्यात भागवते. एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकारची) एसएसडी मोठं लिखाण करताना त्याच्या पुढे जाऊ शकते, मग क्षणभर डिस्क तुटते. अशी डिस्क तापतेही. अ‍ॅल्युमिनियमचं एन्क्लोजर आणि आतलं थर्मल पॅड नीट बसलेलं असावं.

चिपचा दोष पकडायला थोडी युक्ती लागते. नोंदी डिस्कवरच लिहिल्या जातात. डिस्कच तुटली तर शेवटची नोंद लिहायची कुठं? म्हणून आधीच एका खिडकीत सुडो लावून 'डीमेसेज -डब्ल्यू' (dmesg -w) चालू करून ठेवा आणि ती खिडकी नजरेसमोर राहू द्या. थिजताना तिथं 'यूएएस' (वर सांगितलेली यूएएसपीचीच पद्धत) आणि 'रिसेट' असलेल्या ओळी आल्या, तर मोबाइलनं फोटो काढा आणि सक्तीनं बंद करा. पुन्हा सुरू झाल्यावर 'एलएसयूएसबी'मध्ये एन्क्लोजरचा आयडी बघा, उदाहरणार्थ १५२डी:०५७८ ही जेमायक्रॉनची चिप. ग्रबच्या सेटिंगमध्ये कर्नलच्या ओळीत 'यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=१५२डी:०५७८:यू' (usb-storage.quirks=152d:0578:u) असं घाला, आयडी अर्थात तुमचा, आणि 'अपडेट-ग्रब' चालवा. शेवटच्या 'यू'मुळे त्या चिपपुरतं यूएएस बंद होतं. वेग थोडा उतरतो, थिजणं थांबतं. तरीही थांबलं नाही तर एन्क्लोजर बदला.

प्रश्न : बाहेरचं लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे असतं. (पुणे)

लिनक्स यंत्रातल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज त्यालाच भारतीय वेळ समजतं. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' द्या.

प्रश्न : लिनक्समधून आतला 'डी' ड्राइव्ह उघडतो, पण त्यात काही सेव्ह होत नाही. (रत्नागिरी)

विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू आहे. त्यामुळे शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्स त्याचे ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरते जोडतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ते बंद करा. जबरदस्तीनं लिहिण्याचे उपाय सुचवले जातात. ते करू नका, फाइली खराब होतात.

प्रश्न : एकच एसएसडी घरी, कार्यालयात आणि मुलीच्या मॅकवर लावता येईल? (पणजी)

घर आणि कार्यालय जमेल, दोन्ही यंत्रं ६४ बिटची आणि यूईएफआय असली तर. सुरू करताना बूट मेनूची कळ : डेल आणि लेनोव्होत एफ१२, एचपीत एस्केप आणि मग एफ९, असूसमध्ये एस्केप. एसरमध्ये एफ१२ आधी बायोसमधून चालू करावी लागते. एन्व्हिडियाचा खास ड्रायव्हर अशा फिरत्या डिस्कवर टाकू नका, सोबतचा मोफत ड्रायव्हरच राहू द्या. वायफाय मात्र प्रत्येक यंत्रावर तपासून बघावं लागेल. मॅक एम-१ किंवा पुढचा असेल तर विषय संपला, त्याचा प्रोसेसरच वेगळा. इंटेलच्या, पण २०१८ ते २०२० मधल्या टी-२ चिपच्या मॅकवर आधी 'स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटी'त बाहेरून बूट करण्याची परवानगी द्यावी लागते.

खिशातून फिरणारी डिस्क हरवते, हे धरूनच चाला. इन्स्टॉल करतानाच एन्क्रिप्शन निवडा; नंतर ते लावायचं तर बहुधा सगळं पुन्हा टाकावं लागतं. आणि टाइमशिफ्टचे (सिस्टिमची स्थिती साठवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) स्नॅपशॉट त्याच एसएसडीवर ठेवून बॅकअप घेतला असं समजू नका. कागदपत्रं आणि फोटो दुसऱ्या डिस्कवर गेले पाहिजेत.