बस्साई दाईची घाई नको

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

कराटेत ग्रीन बेल्ट लागला, आता बस्साई दाई हा वरच्या पातळीचा काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) कधी, असं तू विचारलंस. हेइआन शोदान या सुरुवातीच्या काताचा कंटाळा येतो, असंही लिहिलंस. तो काता तुला पाठ झालाय, जमलेला मात्र नाही. शोदानच्या 21 हालचालींत लपायला जागा नाही, म्हणून आधी त्याबद्दलच लिहिते.

पहिली हालचाल घे. डावीकडे वळून झेनकुत्सु दाची (पुढचा गुडघा वाकवून घेतलेला लांब स्टान्स) आणि गेदान बराई (हात खाली झटकून वार अडवणं). दोन पावलांमधली रुंदी खांद्याइतकी, लांबी साधारण त्याच्या दुप्पट. पुढचा गुडघा पावलाच्या बोटांवर, वजन पुढे साठ टक्के, मागे चाळीस. मागची टाच जमिनीला चिकटलेली. तुझी टाच उचलली जाते, कारण घोटा अजून तेवढा लवचिक नाही आणि तू मात्र फोटोत छान दिसावा म्हणून स्टान्स लांब घेतेस. वीतभर आखूड कर. दमल्यावर दोन्ही पावलं एका रेषेत येतात आणि तोल जातो, त्यासाठी फरशीवर खडूने खांद्याएवढ्या अंतरावर दोन समांतर रेघा ओढ. डावं पाऊल डाव्या रेघेवर, उजवं उजव्या. पुढचा गुडघा आत पडू देऊ नकोस. याच चुकीने पुढे गुडघे दुखतात.

कमरेकडे ओढायचा हात, हिकिते, सगळेच विसरतात. दोन्ही हात एकाच क्षणी पोचले पाहिजेत.

रोज वीस मिनिटं पुरे. तीनदा सावकाश, अजिबात जोर न लावता, दोनदा वेगाने, एकदा पूर्ण ताकदीने. महिनाभर एकच चूक दुरुस्त करायची. या महिन्यात टाच, बाकी काही नाही. हे ऐकायला सोपं आहे, करताना फार जड जातं, आणि धीर इथेच तयार होतो.

शोदान धरून हेइआनचे पाच काते अंको इतोसू यांनी ओकिनावातल्या शाळकरी मुलांसाठी बसवले. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी 1922 साली तोक्योला गेले, तेव्हा हा वारसा जपानच्या मुख्य भूमीवर पोचला. कराटेत पहिला वार नाही, असं फुनाकोशी सांगत. पाचही हेइआन ब्लॉकने सुरू होतात.

आता कुमिते, म्हणजे जोडीदारासोबतचा लढतीचा सराव, कारण स्वभाव खरा तिथे उघडा पडतो. गोहोन कुमितेत तू 'जोदान' (डोक्याच्या उंचीवरचा वार) म्हणून पाच पावलं पुढे येतेस, जोडीदार मागे सरत पाचही वार अडवतो आणि शेवटी ग्याकु झुकी (पुढच्या पायाच्या विरुद्ध हाताचा ठोसा) मारतो. लागेल या भीतीने तू हातभर अलीकडेच थांबतेस किंवा वार बाजूने नेतेस. त्याला हे प्रेमळपणाचं वाटेल, पण त्याचं नुकसान होतं: न येणारा वार अडवायला शिकून त्याचा ब्लॉक खोटा बनतो. वार नाकाच्या रेषेतच यावा, तो हलला नाही तरी कातडीच्या किंचित अलीकडे थांबावा. थांबवण्याची ही ताकद हातात नसते. मागची टाच टेकलेली आणि कंबर स्थिर असेल तरच मूठ थांबते. म्हणून तर टाचेचा एवढा आग्रह.

जोडीदार लहान किंवा नवा असेल तर वेग कमी कर, अंतर आणि नेम बदलू नकोस. चुकून तुलाच लागलं आणि राग आला, तर पुढचा वार आधीपेक्षा हळू. हा नियम आजपासून पाळ. रागाच्या भरात खांदा वर चढतो, खांदा चढला की ताबा सुटतो आणि समोरच्याचा दात जातो.

बेल्टच्या रंगाचं फार मनावर घेऊ नकोस. ती पद्धत ज्युदोतून आली. कराटेतले पहिले ब्लॅक बेल्ट फुनाकोशींनी 1924 साली दिले. आणि हो, बेल्ट धुवायचा नसतो असं कोणी सांगितलं तरी धू.

महिन्याअखेरीस शोदानचे दोन व्हिडिओ पाठव. समोरून काढलेल्यात गुडघा कळेल, बाजूने काढलेल्यात पाऊल टाकताना डोकं वरखाली होतं का ते. चेहरा फ्रेमबाहेर गेला तरी चालेल, पावलं मात्र पूर्ण दिसू देत.